धडगावच्या उतारासाठी ६२ अंशांची फ्रेम

२०२२च्या दिवाळीनंतर धडगाव तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत शिकवणारे सर माझ्या धुळ्याच्या दुकानात आले. बस स्टँडपासून सायकल खांद्यावर घेऊन चालत आले होते, कारण ती चालवण्याच्या लायकीची राहिली नव्हती. ॲल्युमिनियमची माउंटन बाइक, चार वर्षं वापरलेली. हँडलचा दांडा ज्या आखूड नळीत बसतो त्या हेडट्यूबपासून पायडलकडे उतरणारी जी जाड नळी असते, त्या डाउनट्यूबला खालच्या अंगाने, वेल्डच्या अगदी कडेला चीर गेली होती. केसाएवढीच, पण नख फिरवलं की अडकायचं. पुढचा ब्रेक धरून सायकल मागे-पुढे ढकलली की चिरेचं तोंड उघडताना आणि मिटताना दिसायचं.

मला वाटलं, नवी फ्रेम हवी असेल. सर म्हणाले, "दादा, तुटली त्याचं एवढं नाही. उतारावर डोक्यावरून पडणं थांबवा. या वर्षात चार वेळा पडलोय." डाव्या मनगटाला तेव्हाही पट्टा होता.

त्यांच्या वाटा मी पाहिलेल्या आहेत. अक्राणीच्या, म्हणजे धडगाव तालुक्याच्याच, डोंगरात पाडे एकमेकांपासून लांब, उतारांवर विखुरलेले. शाळेत न येणाऱ्या मुलांच्या घरी जायचं तर सातपुड्याच्या सोंडेवरून खाली ओढ्यात उतरायचं आणि पलीकडे पुन्हा चढायचं. पाऊलवाटा माणसांनी आणि शेळ्यांनी पाडलेल्या आहेत, त्यामुळे वळणं कमी आणि उतार सरळ. खाली काळा बसाल्ट, त्यावर सुटा मुरूम. पावसाळ्यात दगडावर शेवाळ. मार्च-एप्रिलमध्ये सागाची वाळलेली पानं इतकी साचतात की खालचा दगड दिसतच नाही, चाक आदळल्यावरच कळतो. सरांची उंची १८० सेंटिमीटर, वजन ८४ किलो, पाठीवर बहुतेक वेळा पुस्तकांची पिशवी. मागे शॉकअप नको, ही त्यांची पक्की अट. धडगावला बेअरिंग आणि सील कोण बदलणार? म्हणजे हार्डटेलच. पुढे शॉकअप, मागे सरळ फ्रेम.

आधी जुनी सायकल मोजली

नवी फ्रेम आखण्याआधी जुनी का उलटते ते पाहिलं. सायकल सपाट फरशीवर उभी केली, हेडट्यूबचा जमिनीशी होणारा कोन, म्हणजे हेड अँगल, मोजायला डिजिटल कोनमापक लावलं. ६८ अंश. बीबीच्या, म्हणजे पायडलचे दांडे ज्याभोवती फिरतात त्या बॉटम ब्रॅकेटच्या, मध्यातून ओळंबा सोडला, पुढच्या ॲक्सलमधून दुसरा सोडला, खडूने खुणा केल्या. दोन खुणांत ७१ सेंटिमीटर. म्हणजे सर पायडलवर उभे राहिले की त्यांचं वजन पुढच्या ॲक्सलच्या जेमतेम ७१ सेंटिमीटर मागे.

मग मी शॉकअपमधली सगळी हवा सोडली आणि सरांना म्हटलं, हँडलवर झोका. १२० मिलिमीटरचा शॉकअप तळाला टेकला. त्याच हेडट्यूबवर कोनमापक आता ७३.५ दाखवत होतं. रस्त्यावरच्या रेसिंग सायकलचा कोन साधारण ७३ असतो. सर बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. ज्या क्षणी ते उतारावर दगडाला धडकत होते आणि शॉकअप पूर्ण दबत होता, नेमक्या त्या क्षणी त्यांच्या हाताखाली रोड रेसिंगची सायकल होती.

या प्रकरणाचं मूळ इथे आहे, म्हणून इथे जरा थांबतो. फुल सस्पेन्शन सायकलीत मागचा शॉकअपही दबतो, दोन्ही बाजू सोबत खाली जातात आणि कोन फारसा बदलत नाही. हार्डटेलमध्ये फक्त पुढची बाजू खाली जाते. सायकल मागच्या ॲक्सलभोवती पुढे झुकते आणि हेड अँगल ताठ होत जातो. तेव्हा कॅटलॉगमध्ये छापलेला कोन हा सायकल भिंतीला टेकून उभी असतानाचा असतो. हार्डटेलचा कोन ठरवायचा तर शॉकअप दबलेला असतानाचा कोन आधी ठरवायचा आणि तिथून उलटं मागे यायचं. नुसतं "स्लॅक पाहिजे" म्हणून आकडा उचलला तर तो फॅशनचा आकडा होतो.

स्लॅक म्हणजे जास्त कललेला. आकडा जितका लहान, तितकं पुढचं चाक माणसापासून लांब. यात नवं फार नाही. कॅलिफोर्नियात माउंट टॅमलपायसजवळच्या डोंगरउतारावर १९७६ मध्ये रीपॅकची शर्यत सुरू झाली ती जुन्या जाड टायरच्या क्रूझरवर, आणि त्या सायकली आरामात मागे रेललेल्याच होत्या. उतरून आल्यावर मागच्या ब्रेकच्या हबमधलं ग्रीस जळून गेलेलं असायचं, ते पुन्हा भरावं लागायचं, म्हणून शर्यतीचं नाव रीपॅक. पुढे चढावर वेगाने जाणाऱ्या शर्यतींनी कोन ताठ केला. १९९०च्या दशकात ७० ते ७१ अंश सर्रास होते. मग गॅरी फिशरने लांब टॉपट्यूब (सीटपासून हँडलकडे जाणारी वरची नळी) आणि आखूड स्टेम (हँडल धरून ठेवणारा तुकडा) आणला, स्पेनच्या माँड्रेकरने तीच दिशा आणखी पुढे नेली, आणि ब्रिटनच्या ख्रिस पोर्टरने जर्मनीच्या निकोलाय कंपनीबरोबर जिओमेट्रॉन काढून उताराची सायकल किती लांब आणि कललेली असू शकते ते दाखवून दिलं. आज बाजारातल्या डोंगरवाटांच्या ट्रेल बाइक ६४-६५ अंशांवर आहेत. हार्डटेलमध्ये ६२ अजूनही वेगळाच आकडा आहे.

आकडे कसे बसले

सरांच्या शॉकअपचा प्रवास १४० मिलिमीटर घ्यायचं ठरलं. पूर्ण दबल्यावर ६८च्या वर कोन जाऊ द्यायचा नाही, ही मी स्वतःला घातलेली अट. त्यातून उलटं मोजत आलं की उभ्या सायकलचा कोन ६२ निघतो. सर नुसते बसले की शॉकअप २८ मिलिमीटर दबतो आणि कोन ६३च्या किंचित वर जातो. पूर्ण दबला की ६७.६. जुनी सायकल उभी असताना जो कोन होता, तो या सायकलीला सगळ्यात वाईट क्षणी येतो.

रीच, म्हणजे बीबीपासून हेडट्यूबच्या माथ्यापर्यंतचं आडवं अंतर, ४७० मिलिमीटर, स्टॅक, म्हणजे तेच उभं अंतर, ६३५, हेडट्यूब १२० मिलिमीटर, सीटचा कोन ७६, बीबी ॲक्सलच्या रेषेपासून ६० मिलिमीटर खाली. या आकड्यांत पुढचं चाक बीबीपासून ८२ सेंटिमीटरच्या थोडं पुढे जातं. जुन्या सायकलीपेक्षा ११ सेंटिमीटर जास्त, म्हणजे अर्धी वीत. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ११० सेंटिमीटरवर धरला तर जुनी सायकल ३३ अंशांच्या उतारावर पुढच्या चाकावरून उलटायच्या टोकाला येते, नवी ३७ अंशांच्या जवळ. माणूस मागे सरकला की दोन्ही आकडे वाढतात, पण चार अंशांचा फरक राहतोच. दगड अचानक आला तर मागे सरकायला वेळ कुठे असतो? हे चार अंश त्या वेळेसाठी.

याची किंमत चढावर मोजावी लागते. कोन कलला की ट्रेल वाढतं, म्हणजे स्टिअरिंगची रेषा जमिनीला जिथे टेकते त्याच्या मागे टायर जिथे टेकतो ते अंतर. २९ इंची चाक आणि ४४ मिलिमीटर ऑफसेटचा (स्टिअरिंगच्या रेषेपासून ॲक्सल तेवढा पुढे असलेला) शॉकअप धरला तर ६८ अंशांना ट्रेल १०२ मिलिमीटर येतं आणि ६२ अंशांना १४७. वेगात हे चाकाला सरळ धरून ठेवतं. पण चालण्याच्या वेगाने चढताना चाक एका बाजूला लोळायला बघतं. हा लोळ मोजण्याचं सूत्र आहे. जुन्या सायकलीत तो ३५ मिलिमीटर होता, नवीत ६१. जवळजवळ पावणेदोन पट. हे मी सरांना कागदावर काढून दाखवलं आणि विचारलं, चढावर नागमोडी जाल, चालेल? ते म्हणाले, "चढावर मी उतरून ढकलतो दादा. उतारावर उतरायला वेळ मिळत नाही." एवढ्या स्पष्ट उत्तरावरच असली फ्रेम बनवावी. अर्धवट मनाने मागितली असती तर मी ६४वर थांबलो असतो.

लोखंडी नमुना

फ्रेम टायटॅनियमची करायची ठरली होती, का ते पुढे सांगतो. टायटॅनियम महाग आहे आणि कापलेली नळी परत लांब होत नाही. म्हणून आधी साध्या सीमलेस पोलादी नळीचा नमुना केला, माझ्याच दुकानात, आर्गन वेल्डिंगने. वजन ३.६ किलो भरलं, त्याची पर्वा केली नाही. दोन सोयी ठेवल्या. हेडट्यूब ४४ मिलिमीटर भोकाची, म्हणजे तिरक्या कपांचा हेडसेट (हेडट्यूबमधल्या बेअरिंगचा संच) बसवून कोन एक अंश पुढे-मागे करता येतो. आणि मागचं चाक जिथे बसतं ते ड्रॉपआउट लांब खाचेचे, म्हणजे चेनस्टे (बीबीपासून मागच्या ॲक्सलपर्यंतची नळी) ४२५पासून ४५० मिलिमीटरपर्यंत सरकवता येतो. फ्रेम टॅक करून, म्हणजे वेल्डचे नुसते टाके घालून, उभी केली तेव्हा शेजारच्या गॅरेजमधले काका बघायला आले. म्हणाले, "हाई सायकल शे का वखर?" चाक खरंच तितकं पुढे होतं.

लळिंगच्या किल्ल्याखालच्या माळावर तीन रविवार घालवले. मी ४२५चा चेनस्टे धरून चाललो होतो, कारण आखूड शेपटीची सायकल चपळ असते असा माझा वर्षानुवर्षांचा समज. तीव्र उतारावर सर खूश. पण खाली सपाट मुरमावर वळताना पुढचं टायर दोनदा घसरलं, दुसऱ्या वेळी कोपर सोललं. कारण शोधायला दोन वजनकाटे आणले, एकेका चाकाखाली एकेक ठेवला आणि सरांना पायडलवर उभं केलं. जुन्या सायकलीवर पुढच्या चाकावर ३७-३८ टक्के वजन येत होतं. नमुन्यावर ३४. पुढचं चाक लांब गेलं की त्यावरचा भार कमी होणारच, हे मला गणिताने आधीच माहीत होतं. पण त्याचा मुरमावर इतका परिणाम होईल असं वाटलं नव्हतं.

चेनस्टे ४४५ केला. काट्यावर भार एकाच टक्क्याने वाढला, पण त्याच वळणावर टायर धरायला लागलं. मला वाटतं, फरक नुसत्या टक्क्याचा नव्हता. मागची बाजू लांब झाल्यावर सर आपसूक सायकलच्या मधोमध उभे राहू लागले, पुढचं चाक शोधायला वाकावं लागेना. ४५०ला पायरीवर पुढचं चाक उचलायला कष्ट पडू लागले, म्हणून ४४५. व्हीलबेस, म्हणजे दोन्ही ॲक्सलमधलं अंतर, १२६६ मिलिमीटर झाला.

कोनही बदलून पाहिला. ६१ला उतार लोण्यासारखा, पण चढावरच्या एका वळणावर तीन प्रयत्नांत तीनदा पाय टेकला. ६३ला चढ सुधारला आणि उतारावर फरक फार जाणवला नाही. हे मी लपवत नाही. सरांनी ६२ निवडला तो शेवटच्या रविवारी, गुडघाभर उंचीच्या एका दगडी पायरीवरून दोन्ही कोनांनी पाच-पाच वेळा उतरून. माझा कल ६३कडे होता.

नमुन्यामुळे आणखी एक गोष्ट लक्षात आली. बीबी जमिनीपासून ३१० मिलिमीटरवर आणि शॉकअप दबला की आणखी एखादा सेंटिमीटर खाली, त्यामुळे १७० मिलिमीटरचे क्रँक, म्हणजे पायडलचे दांडे, दगडांना लागत होते. बीबी वर घेतला असता तर वळणावरचा स्थिरपणा गेला असता. म्हणून क्रँक १६५चे घेतले. पाच मिलिमीटर ऐकायला किरकोळ, पण ठोके निम्म्याहून कमी झाले.

टायटॅनियमच का

हा प्रश्न मी सरांना दोनदा विचारला. चांगल्या क्रोमोली पोलादाच्या फ्रेमने हीच भूमिती निम्म्याहून कमी खर्चात मिळाली असती, आणि ज्याला पैशाची ओढाताण आहे त्याला मी आजही पोलादच सांगेन. सरांची कारणं दोन. चार महिने पाऊस, ओढ्यातून सायकल नेणं, शाळेच्या पडवीत ओलीच ठेवणं. टायटॅनियमला रंग लागत नाही, गंज चढत नाही. दुसरं, चिरेचा अनुभव. पोलाद आणि टायटॅनियम या दोघांना ताणाची एक मर्यादा असते. त्याखालचा ताण ते जवळपास कितीही वेळा सोसतात. ॲल्युमिनियमला तशी मर्यादा नाही, लहान ताणही मोजणीत धरला जातो. अर्थात वेल्ड खराब असेल तर यातलं काहीच खरं राहत नाही.

नळी ग्रेड ९ची, म्हणजे ३ टक्के ॲल्युमिनियम आणि २.५ टक्के व्हॅनेडियम मिसळलेलं टायटॅनियम. ही मिश्रधातू मुळात विमानांच्या हायड्रॉलिक नळ्यांसाठी नावारूपाला आली. टायटॅनियमची घनता पोलादाच्या सत्तावन्न-अठ्ठावन्न टक्के, आणि ताठपणा जेमतेम निम्मा. म्हणून पोलादाच्या मापाची नळी घेतली तर फ्रेम लवलव करते. उपाय व्यासाचा. नळीचा वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या घनाने वाढतो. पोलादात ३५ मिलिमीटर चालली असती तिथे आम्ही डाउनट्यूब ४४.५ मिलिमीटरची, ०.९ भिंतीची घेतली. एवढ्या जाड नळीत वजनाची बचत बरीचशी खर्ची पडते, हे टायटॅनियम घेणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगायला हवं.

स्लॅक कोनाने या नळीवर भारही वाढतो. चाक लांब, म्हणून पायरीवरून सरळ खाली आदळलं की हेडट्यूब उखडायला बघणारी तरफ लांब. जुनी फ्रेम नेमकी तिथेच फुटली होती. म्हणून हेडट्यूबखाली गसेट, म्हणजे मजबुतीचा जोडतुकडा, दिलं, आणि त्याचं टोक नळीवर आडवं न संपवता निमुळतं केलं, वेल्ड टोकाला न नेता दोन्ही बाजूंना थांबवला. आडव्या वेल्डच्या कडेला ताण साठतो आणि चीर तिथूनच निघते.

मुंबईत गिरगाव-खेतवाडीच्या नळीबाजारात मला ग्रेड २ मिळाला, पातळ भिंतीचा ग्रेड ९ नाही मिळाला. शेवटी नळ्या, बीबी शेल आणि ड्रॉपआउट चीनमधल्या बाओजीहून मागवले. त्या शहराचा धंदाच टायटॅनियमचा आहे. वाईट याचं वाटतं की केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूत टायटॅनियमचं खनिज आहे, चवऱ्याला टायटॅनियम स्पंज बनतो, हैदराबादच्या मिधानी या सरकारी कंपनीत मिश्रधातू बनते, आणि तरी सायकलसाठी दहा मीटर नळी घ्यायची तर ती बाहेरून येते.

वेल्ड

पोलाद मी जोडतो, टायटॅनियम जोडत नाही. माझ्या ओळखीचे एक मिस्तरी शिंदखेडा तालुक्यातले, वीस वर्षं अंकलेश्वरला आहेत. तिथल्या केमिकल कारखान्यांसाठी टायटॅनियमचे हीट एक्स्चेंजर बनतात, त्यावर त्यांचा हात बसलेला. खानदेशातली किती तरी माणसं सुरत-अंकलेश्वरच्या कारखान्यांत अशी कसबी कामं करतात आणि गावात कोणाला त्याचा पत्ता नसतो. मी नळ्यांची फिशमाउथ तोंडं, म्हणजे दुसऱ्या नळीवर चपखल बसणारी वक्र तोंडं, धुळ्याला कापली, कमी वेगाने, भरपूर कूलंट सोडून. टायटॅनियम उष्णता पसरू देत नाही, धार तापून लगेच मरते आणि बारीक बुरादा पेट घेऊ शकतो. मग जिग (नळ्या जागेवर धरणारा सांगाडा) आणि नळ्या घेऊन भुसावळ-सुरत लाइनने निघालो.

मिस्तरींनी आधी माझे हात बघितले. म्हणाले, "भो, आते हात लावू नको." नळीचं तोंड ॲसिटोनने पुसल्यावर उघडं बोट लागलं तरी त्यातला तेलकटपणा वेल्डमध्ये जातो. पांढरे मोजे घातले. टायटॅनियम साधारण ४०० अंशांच्या वर गेलं की हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन पिऊ लागतं आणि ठिसूळ होतं. म्हणून बाहेरून आर्गन, आतूनही आर्गन, आणि वीज बंद केल्यावरही टॉर्च तिथेच धरून ठेवायचा, सांधा निवेपर्यंत. मिस्तरी तेवढा वेळ श्वाससुद्धा हळू घेत होते. एकेक सांधा दोन-दोन इंचांनी, समोरासमोर, म्हणजे फ्रेम ओढली जाऊ नये. मुखवटा वर केला की पहिली नजर रंगावर. चांदीसारखा असेल तर उत्तम. पेंढ्यासारखा पिवळसर चालतो. निळा आला की शंका. करडा किंवा पांढरी पूड दिसली की सांधा कापून टाकायचा.

पहिल्या दिवशी सगळे सांधे चांदीसारखे. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्तरींनी बीबीच्या भोकातून बारीक कॅमेरा आत घातला. हे त्यांनी माझ्यासाठी केलं नव्हतं, एक्स्चेंजरच्या कामात रोजची सवय. मोबाइलच्या पडद्यावर डाउनट्यूबचं आतलं मूळ दिसलं, चकचकीत. मग कॅमेरा डाव्या चेनस्टेकडे वळवला आणि ते थांबले. ड्रॉपआउटजवळ आतल्या बाजूला गडद निळं कडं, आणि त्याच्या पोटात राखेसारखा करडा डाग. बाहेरून तोच सांधा आरशासारखा होता.

चूक माझी होती. चेनस्टे दोन्ही टोकांनी बंद होतो, म्हणून आतली हवा बाहेर निघून आर्गन भरायला बीबी शेलमध्ये आणि ड्रॉपआउटच्या टोकाला भोकं लागतात. उजव्या बाजूची दोन्ही मी पाडली होती, डावीकडचं ड्रॉपआउटचं राहिलं. आर्गन आत शिरला, पण हवेला बाहेर पडायला वाट नव्हती. मी विचारलं, चालेल का? मिस्तरींनी मान हलवली. "हाऊ आज नहीं तुटाव. वरीसभऱ्यामा तुटी." डावा चेनस्टे कापला. जोडीचा ताळमेळ राहावा म्हणून उजवाही कापला. जादा नळी मागवलेली होती म्हणून निभावलं, तरी नवीन वाकवून, कापून परत अंकलेश्वरला जाईपर्यंत तीन आठवडे गेले. तेव्हापासून प्रत्येक फ्रेमच्या कागदावर भोकांची यादी नळीच्या यादीच्या आधी लिहितो.

दुसऱ्या वेळी आत-बाहेर दोन्ही चांदी. सगळ्या सांध्यांना डाय पेनेट्रंट, म्हणजे चिरेत शिरून ती दाखवणारा लाल रंग, लावून पाहिला, लाल रेघ कुठेही उमटली नाही. फ्रेम २.३ किलो भरली. सपाट प्लेटवर ठेवून मोजली तेव्हा मागचं चाक मधल्या रेषेपासून एक मिलिमीटरच्या आत होतं. कारखान्यांत आयएसओ ४२१० या सायकलींच्या मानकाप्रमाणे फ्रेमला यंत्रावर हजारो झटके देतात, तशी सोय आमच्याकडे नव्हती. म्हणून भिंती जाड ठेवल्या आणि तपासणीचं वेळापत्रक सरांच्या हातात लिहून दिलं.

जोडणीत एकच गोष्ट सांगण्यासारखी. टायटॅनियमच्या आट्यात धातू धातूला चिकटून बसतो. बीबी आणि सीटपोस्ट कोरडे बसवले तर पुढच्या वर्षी करवत घ्यावी लागेल. अँटी-सीझ पेस्ट सढळ हाताने लावली. फ्रेमचा खर्च, वाया गेलेल्या नळीसह, १ लाख १० हजारांच्या आसपास गेला. बाकी सामान बरंचसं सरांच्या जुन्या सायकलीचं, शॉकअप आणि क्रँक तेवढे नवे.

वाटेवर

२०२३च्या एप्रिलमध्ये मी स्वतः धडगावला गेलो. जिथे सर दोनदा पडले होते त्या उतारावर मोहाच्या झाडाखाली उभा राहिलो. वाट दोन दगडांमधून खाली जाते, मग पानांच्या ढिगात शिरते आणि ढिगाखाली एक पायरी आहे. ती दिसत नाही. सर वरून आले. पुढचं चाक पानांत गेलं, धप्प आवाज झाला, शॉकअप पार तळाला गेला. हँडल सरळच राहिलं. मागचं टायर क्षणभर उचललं, परत टेकलं, आणि सर पुढे निघून गेले. खाली पाड्यावरची दोन पावरा मुलं बघत होती, त्यातलं एक चाकाच्या लांबीकडे बोट दाखवून दुसऱ्याला काही सांगत होतं.

परतीच्या चढावर मात्र पहिल्या दोन महिन्यांत सरांना त्रास झाला. कमी वेगात चाक लोळायचं आणि ते ओढून सरळ करायला जायचे, त्याने आणखी लोळायचं. सीट दीड सेंटिमीटर पुढे घेतली, स्टेम ४०चा होता तो ३५चा केला, आणि हँडल ओढण्याऐवजी छाती खाली नेऊन कोपरं आत घ्यायला सांगितलं. पावसाळ्यापर्यंत जमलं. शहाद्याहून तोरणमाळच्या डांबरी घाटाने वर जायचं असेल तर ही सायकल जड आणि आळशी वाटते, ते बदलणार नाही. त्यासाठी तिला बनवलेलंही नाही.

पहिल्या चौदा महिन्यांत सर एकदाही हँडलवरून गेले नाहीत. दोनदा कुशीवर पडले, दोन्ही वेळा ओल्या शेवाळावर, आणि त्याला कोन जबाबदार नाही. २०२४च्या जूनमध्ये फ्रेम दुकानात आली तेव्हा गसेटच्या टोकाला आणि दोन्ही चेनस्टेंना पुन्हा डाय लावला. रेघ नाही. हेडसेटचं खालचं बेअरिंग मात्र खरखरत होतं. लांब तरफेचा भार शेवटी त्याच्यावर येतो, तेव्हा हे बेअरिंग आता दर पावसाळ्याआधी बदलायचं ठरवलं आहे. शॉकअपच्या आतल्या बुशही इतर सायकलींपेक्षा लवकर झिजलेल्या दिसल्या. सपाटावर आदळताना कललेला शॉकअप दबण्याआधी वाकायला बघतो, त्याचा तो परिणाम. तेल बदलण्याचं अंतर निम्म्यावर आणलं.

लोखंडी नमुना अजून दुकानात आहे. ६३ अंशांचे कप लावून मी तो लळिंगला चालवतो. माझ्यासाठी फ्रेम केलीच तर याच कोनाची करेन, चेनस्टे ४४०. माझे उतार सरांच्या उतारांएवढे तीव्र नाहीत.